बेल्टवाल्या क्रूझरची नोंदवही: मागच्या चाकाची बेअरिंग आणि ड्राइव्ह बेल्ट, वॉरंटीत

गाडी मध्यम वजनाची क्रूझर. मागे चेनऐवजी दाती बेल्ट, एबीएस, चाकाचा आस म्हणजे एक्सल २५ मिमीचा. वॉरंटीचे चार महिने शिल्लक. तक्रारी दोन: ताशी ४०च्या पुढे मागून घरघर, आणि बेल्टच्या बाहेरच्या कडेला निघालेले तंतू. दोन तक्रारी दिसत असल्या तरी मूळ बहुतेक वेळा एकच निघतं, आणि वॉरंटीचा क्लेम नेमका तिथेच अडतो किंवा पास होतो.

१७,८६० किमी: आवाज कुठला?

मोकळ्या रस्त्यावर ६०ला गाडी नेऊन क्लच दाबायचा आणि इंजिन आयडलवर येऊ द्यायचं. आवाज इंजिनाबरोबर उतरला तर शोध पुढे, इंजिनाकडे. इथे तो तसाच राहिला आणि चाकाच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला, म्हणजे बहुतेक चाक, पुली (बेल्ट जिच्यावर फिरतो ते दाती चाक) किंवा टायर. टायरचा आवाज डांबर आणि काँक्रीटवर वेगळा येतो, बेअरिंगचा तसा बदलत नाही. लांब वळणावर गाडी झुकवली की बेअरिंगचा आवाज एका बाजूला वाढतो. इथे तो डावीकडच्या वळणावर वाढत होता.

मग मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाक वर-खाली आणि मग पुढे-मागे धरून हलवायचं. 'टक' लागली की लगेच बेअरिंगला दोष देऊ नये, कारण स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याच्या) बुशातला प्ले, म्हणजे ढिलेपणा, हुबेहूब असाच लागतो. दुसऱ्याला स्विंगआर्म घट्ट धरायला सांगून पुन्हा हलवावं. स्विंगआर्म स्थिर आणि चाक तरीही डगडगतंय, तर प्ले चाकाच्या बेअरिंगचाच. शेवटी बोटं एक्सलच्या टोकाजवळ स्विंगआर्मवर टेकवून दुसऱ्या हाताने चाक सावकाश फिरवलं. चांगल्या बेअरिंगचं काहीच जाणवत नाही. इथे दर फेऱ्याला जात्यात खडा आल्यासारखी कुरकुर बोटांना लागत होती, तीही फक्त पुलीच्या बाजूला.

पुढचा मोह म्हणजे चाक खोलून बेअरिंग काढून बघणं. वॉरंटी असताना हे करू नये, आणि कारण नुसतं 'सील तुटलं' एवढं नाही. बंद भोकातलं बेअरिंग पुलरने आतल्या रिंगला धरून ओढतात, म्हणजे सगळा जोर गोळ्यांवरून बाहेरच्या रिंगवर जातो आणि धावेवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या खाचेवर, नवे खळगे पडतात. त्यानंतर मूळ बिघाड कुठला आणि पुलरने केलेला कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही. कंपनीचा तपासनीसही सांगू शकत नाही, मग तो क्लेम नाकारतो, आणि त्याचं चूक असतं असंही नाही.

त्याच दिवशी: बेल्ट

बेल्ट थंड असताना बघायचा. चाक हाताने थोडं थोडं फिरवत एकेक दात टॉर्चच्या तिरप्या उजेडात न्यायचा. कशाने घाबरायचं आणि कशाने नाही, हे आधी ठरलेलं बरं. दाताच्या आत केसासारखी बारीक रेघ असेल तर गाडी चालू द्यावी, लक्ष ठेवावं. दाताच्या बाहेरच्या बाजूला भेग असेल तर बेल्ट बदलायचा. दात गळाला असेल, किंवा झिजून आकड्यासारखा वाकला असेल, तरीही बदलायचा. पाठीवर थोडे टवके उडालेत, हे सहसा गंभीर नसतं. कडेचे तंतू फुलून आलेत, हेही एरवी 'चालेल, बघत राहा' यातच येतं. खडीने पाडलेलं भोक मधोमध असेल तर नजर ठेवायची, कडेजवळ असेल तर बेल्ट बाद.

या गाडीला तंतू फुललेच होते, शिवाय चार सलग दातांच्या मुळाशी बाहेरच्या बाजूने भेगा होत्या, आणि मागच्या पुलीच्या फ्लँजवर (कडेच्या उभ्या काठावर) घासून चकचकीत झालेला पट्टा. बेल्ट एका बाजूला सरकून चालत होता. बेअरिंगमध्ये प्ले आला की बेल्टच्या ओढीने चाक किंचित तिरपं होतं, पुली तिरपी होते, बेल्ट फ्लँजला जाऊन टेकतो. अशा गाडीत नुसता बेल्ट बदलला तर नवा बेल्टही त्याच वाटेने जातो.

ताण मोजायला खालच्या पट्ट्याच्या मध्यावर साडेचार किलोचा जोर लावून बेल्ट किती हलतो ते बघतात. गेज नसेल तर प्रवासाची बॅग तोलायचा काटा रुंद पट्टीने बेल्टला अडकवून चालतो, तंतोतंत नाही पण अंदाज येतो. चाक फिरवून सर्वांत घट्ट जागा शोधायची आणि माप तिथेच घ्यायचं. या गाडीच्या मॅन्युअलात १० ते १३ मिमी आहे, तुमचा आकडा तुमच्याच मॅन्युअलातून घ्या. गाडी साइड स्टँडवर हवी की वर माणूस बसलेला, हेही त्यातच बघा, कारण पुढची पुली, स्विंगआर्मचा पिव्होट (सांधा) आणि एक्सल एका रेषेत आले की बेल्ट सर्वांत ताणला जातो आणि आकडा बदलतो. इथे आलं ६ मिमी. बेल्ट गरजेपेक्षा घट्ट होता, आणि मागच्या सर्व्हिसच्या जॉब कार्डवर 'बेल्ट ॲडजस्ट' लिहिलेलं होतं. जास्त ताण थेट पुलीच्या बाजूच्या बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या बाहेर निघणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. ढिला बेल्ट दातांवरून उडी मारतो, घट्ट बेल्ट बेअरिंग खातो. आपल्याकडे लोक ढिल्या बेल्टला जास्त भितात.

कागद

क्लेमसाठी गोळा केलेलं: सगळ्या सर्व्हिसची बिलं आणि जॉब कार्डं, ओडोमीटर दिसेल असा आवाजाचा व्हिडिओ, भेगांचे फोटो शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, आणि ताणाच्या मापाचा फोटो. तक्रार लिहिताना 'मागून आवाज येतो' एवढंच लिहिलं तर जॉब कार्डवर 'वॉश, चेन-बेल्ट क्लीन' होऊन गाडी परत येते. लिहायचं असं: 'मागच्या चाकात पुलीच्या बाजूला प्ले, क्लच दाबूनही घरघर, बेल्टच्या सलग चार दातांना बाहेरून भेगा, ताण ६ मिमी.' जॉब कार्डवर हे शब्द जसेच्या तसे येईपर्यंत सही करू नये.

बेल्ट, ब्रेक पॅड, क्लच प्लेट या बहुतेक वॉरंटी पुस्तिकांत झीज होणाऱ्या वस्तूंच्या यादीत असतात. बेअरिंग कधी असतं, कधी नसतं. त्यामुळे यादी आधी वाचून जायचं. यादीत असूनही बेल्ट मिळण्याचा एक रास्त मार्ग राहतो: झीज वापराने झालेली नाही, दुसऱ्या वॉरंटीतल्या भागाच्या बिघाडाने झालेली आहे, हे दाखवणं. फ्लँजवरचा घासलेला पट्टा इथे कामी येतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे तपासावी. प्रेशर वॉशरचा फवारा थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, मारायची सवय असेल तर पाणी सीलच्या ओठातून आत जातं आणि ग्रीस दुधाळ होतं. बेअरिंग उघडल्यावर हे लगेच दिसतं, आणि मग वॉरंटीचा मुद्दा संपतो. कोकणातून आल्यावर लाल चिखल धुवायला पाइपचं साधं पाणी पुरतं.

१८,०४० किमी: सर्व्हिस सेंटर

ॲडव्हायझरबरोबर एकत्र टेस्ट राइड घेतली. पावसाळ्यात या फेरीला टाळाटाळ होते, तरी ती घ्यावीच, कारण आवाज दोघांनी ऐकला की पुढे 'आवाज आढळला नाही' असा शेरा पडत नाही. बेअरिंग लगेच मान्य झाली, बेल्टला पहिलं उत्तर 'झीज' आलं. फ्लँजचा फोटो आणि त्यांच्याच जॉब कार्डवरची ताणाची नोंद शेजारी ठेवल्यावर दोन्हींचा क्लेम पुढे गेला. सुटे भाग यायला अठरा दिवस लागले. तेवढे दिवस गाडी उभीच ठेवली. प्ले असलेल्या चाकावर फिरून बेल्ट तुटला असता तर 'माहीत असून चालवली' हा मुद्दा कंपनीच्या हातात गेला असता.

काम

हे वर्कशॉपमध्ये झालं, पण काय बघायचं ते माहीत असावं.

बेल्ट अखंड असतो, जोड नसतो. त्यामुळे मागची पुली सोडवली तरी तो निघत नाही, सहसा स्विंगआर्म उतरवावा लागतो आणि बऱ्याच गाड्यांत सायलेन्सरही. स्विंगआर्म खाली आलाच आहे तर पिव्होटचे बुश बघून घ्यायला सांगावं, नाहीतर ती मजुरी पुन्हा एकदा भरावी लागते. बेल्टबरोबर दोन्ही पुल्या बघायच्या. दातांवरचं क्रोम उडून खालचा धातू दिसत असेल तर जुन्या पुलीवर नवा बेल्ट चढवणं म्हणजे नव्या बेल्टला पहिल्या दिवसापासून कानशीवर फिरवणं. या गाडीची मागची पुली बदलली, पुढची ठीक होती.

नवा बेल्ट खोक्यातून आला तो घडी न पडलेला हवा. आतले ताण घेणारे तंतू पिरगळले किंवा पुढच्या पुलीपेक्षा लहान वळशात वाकवले की आतच तुटतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि काही हजार किमीवर बेल्ट फाटतो. खोकं सुतळीने आवळून बांधलेलं आलं तर बेल्ट परत करावा.

आता बेअरिंग. या हबमध्ये ६२०५, म्हणजे आत २५, बाहेर ५२, रुंदी १५ मिमी, दोन्ही बाजूंना रबरी सील. अशा मागच्या चाकात सहसा हबमध्ये दोन आणि पुलीच्या कॅरिअरमध्ये (पुली बसते त्या भागात) तिसरं बेअरिंग असतं, आणि विसरलं जातं ते नेहमी हे तिसरंच. आपल्या गाडीत कुरकुर पुलीच्या बाजूला होती, त्यामुळे तेही बदलून घेतलं. जोडीतलं एकच बदलणं ही खोटी काटकसर.

हब हीट गनने तापवतात, पाण्याचा थेंब तडतडला की पुरे. नवी बेअरिंग रात्रभर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये. मग ती जवळपास हाताच्या जोरानेच बसतात. ठोकायची वेळ आलीच तर ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) किंवा सॉकेट फक्त बाहेरच्या रिंगला टेकलेलं हवं. आतल्या रिंगवर एक जरी फटका बसला तरी गोळ्यांचे खळगे धावेवर उमटतात, आणि पाचशे किमीवर तीच घरघर परत येते.

क्रम महत्त्वाचा. पहिलं बेअरिंग हबच्या पायरीला पूर्ण टेकवायचं. मग आतली नळी, म्हणजे स्पेसर. मग दुसरं बेअरिंग, आणि ते नळीला नुसतं टेकलं की थांबायचं. आणखी आत दाबलं तर बाहेरची रिंग पुढे जाते, आतली नळीवर अडते, आणि गोळ्या दोघींमध्ये चिरडल्या जातात. असं चाक हाताने फिरवताना जड लागतं आणि थोड्या फेरीनंतर हब तापतो. उलट, नळी आणि बेअरिंगमध्ये फट राहिली तर एक्सलचा नट आवळताना आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, नुकसान तेच. तपासायला एक्सल घालण्याआधी करंगळीने नळी आडवी ढकलून बघावी. बोटाने थोडी सरकते पण सोडल्यावर आपोआप खाली पडत नाही, इतकी घट्ट हवी.

या गाडीत एबीएसचा एन्कोडर, म्हणजे सेन्सर जिच्यावरून चाकाचा वेग वाचतो ती चुंबकी पट्टी, एका बेअरिंगच्या सीलमध्येच आहे. ती बाजू बाहेर, सेन्सरकडे. मेकॅनिक नट-बोल्ट ठेवतात त्या चुंबकी ट्रेमध्ये हे बेअरिंग अजिबात ठेवू देऊ नका. ठेवलं की एबीएसचा दिवा लागतो आणि वायरिंगमध्ये शोध सुरू होतो.

ताब्यात घेताना

स्विंगआर्मच्या पिव्होटपासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंची मापं घेतली, दोन्हींकडे सारखी आली. स्विंगआर्मवरच्या छापील खुणांवर विसंबू नये. चाक पुढच्या दिशेला फिरवून बेल्ट फ्लँजला टेकत नाही ना ते बघितलं. ताण १२ मिमी, तोही एक्सल नट टॉर्क पान्याने आवळल्यानंतर मोजलेला, कारण आवळताना एक्सल थोडा सरकतो. मेकॅनिकने आधी माप दाखवलं आणि मग नट आवळला, तर पुन्हा मोजायला सांगावं.

जुने भाग कंपनीकडे जातात, मिळत नाहीत. फोटो मात्र काढू देतात. बिलावर बदललेल्या तिन्ही बेअरिंगचे, बेल्टचे आणि पुलीचे पार्ट नंबर, रक्कम शून्य, शेजारी 'वॉरंटी' असं लिहून घ्यावं. बदललेल्या भागाला सहसा नवी पूर्ण वॉरंटी मिळत नाही, मूळ गाडीची उरलेलीच लागू होते. म्हणून पुढची तपासणी वॉरंटी संपायच्या आत व्हायला हवी. क्लेम विनाकारण अडवून ठेवला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण आधी लेखी नकार मागा, तो हातात असला की तक्रार मांडायला सोपं जातं.

१९,६५० किमी

नव्या बेल्टवर १,६०० किमी. ताण १३ मिमी, म्हणजे बेल्ट बसला आहे आणि मर्यादेच्या टोकाला आहे. एक्सल किंचित मागे घेऊन ११ केला. फ्लँज कोरडी, चमक नाही. पहिले काही दिवस कुई कुई आवाज होता, तो धुळीचा. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसल्यावर गेला. बेल्टला तेल, वॅक्स, चेन स्प्रे काही लावायचं नाही.

हब २० किमीच्या फेरीनंतर हाताला कोमट. स्विंगआर्मवर बोटं ठेवून चाक फिरवलं, काही जाणवत नाही. पुढचं चाक अजून मूळ बेअरिंगवरच आहे. वॉरंटीचे ४० दिवस उरलेत, तेवढ्यात त्याचीही हीच तपासणी करून इथे आकडे टाकतो.