तुम्ही विचारलंत म्हणून: अनुयायी की वादी?

शब्दांच्या व्युत्पत्तीवर बोलणं निघालं की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो: एखाद्या लेखकाचे विचार मानणाऱ्याला अनुयायी म्हणायचं, की त्या लेखकाच्या नावापुढे ‘वादी’ लावायचं? दोन्ही एकच ना?

एकच नाहीत. ‘अनु’ म्हणजे मागोमाग, ‘या’ म्हणजे जाणं. अनुयायी मागून चालत राहतो. त्याने काही बोलावं अशी अपेक्षा त्या शब्दात नाही. ‘वादी’ मात्र ‘वद्’ धातूतून आला, म्हणजे बोलणारा. कोर्टातला वादी तोच. न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, तर तत्त्व कळावं म्हणून केलेली चर्चा ती ‘वाद’, आणि जिंकण्यासाठी केलेली ती ‘जल्प’. आपण मुलांना ‘वाद घालू नकोस’ म्हणतो तेव्हा रोख जल्पावर असतो आणि बदनाम होतो वाद. याचं मला खरंच वाईट वाटतं.

नावाला चिकटल्यावर हा वाद ‘ठरलेलं मत’ होऊन बसतो. ‘मी मार्क्सवादी नाही’ असं खुद्द मार्क्स म्हणाल्याचं त्याचा सहकारी एंगल्सने १८९०च्या एका पत्रात लिहिलंय. गांधीवाद असं काही नाही, मला मागे पंथ ठेवायचा नाही, हे गांधीजींनी १९३६ साली स्पष्ट सांगितलं होतं.

माझा आवडता शब्द फार जुना आहे: पाणिनीय. पाणिनीने रचलेलं व्याकरण ते पाणिनीय, आणि ते शिकणारा माणूसही पाणिनीयच. त्याच्या या व्याकरणग्रंथात, अष्टाध्यायीत, ‘तदधीते तद्वेद’ असं सूत्र आहे: जो ते शिकतो, जो ते जाणतो. आता या परंपरेतला कात्यायन पाहा. सूत्र जिथे अपुरं पडतं तिथे तो वार्तिक लिहून भर घालतो, दुरुस्ती सुचवतो. पुढे पतंजली महाभाष्यात दोघांनाही तपासतो, कधी कात्यायनाला खोडून पाणिनीची बाजू घेतो. आणि परंपरेने नियम काय केला? ‘यथोत्तरं मुनीनां प्रामाण्यम्’: तिघांत मतभेद झाला तर नंतरच्याचं खरं मानायचं. दुरुस्ती सुचवणाऱ्या कात्यायनाला कुणी पाणिनीचा विरोधक म्हटलं नाही. त्याला पाणिनीच्याच पंगतीला बसवलं.

माझ्याकडचं सर्वांत लाडकं पुस्तक उघडलंत तर समासात पेन्सिलीने केलेली प्रश्नचिन्हं दिसतील, काही पानांवर ओळीओळीला. त्या लेखकाची मी कोण, हे एका शब्दात सांगायला आजच्या मराठीत ‘पाणिनीय’च्या तोडीचा शब्द मला अजून मिळालेला नाही.