ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं

मांजरसुंब्याचा घाट उतरताना ब्रेक दाबला की आमच्या गाडीचं स्टेअरिंग हातात थरथरायचं. एका गॅरेजवाल्यानं लगेच व्हील बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं, सांगितलं. मला पटेना. बॅलन्सिंग बिघडलं असेल तर ८०-१०० च्या वेगाला ब्रेक न दाबताही स्टेअरिंग हलतं. इथं पाय उचलला की सगळं शांत! म्हणजे संशय पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर, चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर. मागच्या ब्रेकची थरथर बहुधा सीटमध्ये जाणवते.

आमच्या मिस्त्रींनी चाक काढलं, नट लावून डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, पक्की बसवली आणि डायल गेज, म्हणजे बारीक डोल मोजणारं सुईचं माप, लावला. डिस्क हातानं सावकाश फिरवली, तशी सुई डोलायला लागली. बहुतेक गाड्यांत ०.०५ ते ०.१ मिलिमीटरपुढे हा डोल चालत नाही. डिस्क उतरवली, तर हबच्या तोंडावर गंजाची पापडी! तेवढ्यानंही डिस्क किंचित तिरकी बसते, दर फेऱ्याला ब्रेक दाबणाऱ्या पॅडला घासते आणि हळूहळू कुठं जाड, कुठं पातळ होते.

हब तारेच्या ब्रशनं लख्ख केला. डिस्क लेथवर घासून सपाट करण्याआधी तिच्यावर कोरलेली किमान जाडी बघाच. आमची तिथवर आलेली, म्हणून पुढची जोडी पॅडसकट बदलली. चाकाचे नट मात्र समोरासमोरच्या क्रमानं, टॉर्क पान्यानंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं, आवळून घ्या.