‘पप्पांना माहीत असेलच’

शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना मुलांच्या मोबाईलची तक्रार घेऊन येणारे पालक मला नवीन नाहीत. परंतु अमळनेर तालुक्यातील एका कापूस उत्पादक शेतकऱ्याची मागणी वेगळी होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नववीत शिकणाऱ्या मुलीचे व्हॉट्सॲप त्यांनी तिच्या नकळत आपल्या दुसऱ्या मोबाईलला जोडले होते आणि रोज रात्री ते तिचे मेसेज वाचत असत. एका सकाळी अनोळखी क्रमांकाखाली ओळीने केवळ ‘हा मेसेज डिलीट केला गेला’ असे दिसले, तेव्हापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. प्रेमप्रकरण असणार, असे त्यांनी मनाशी धरले होते. मुलगा कोण ते मी काढून घ्यावे, मात्र वडील मेसेज वाचतात हे तिला कळू देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. बोलता बोलता प्रमाण मराठी सुटली आणि ते अहिराणीत म्हणाले, “मॅडम, मनी आंडेर आते माले काहीच सांगत नही.” (माझी मुलगी आता मला काहीच सांगत नाही.)

मी मुलीशी बोलेन, पण तिच्याशी खोटे बोलणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांना ते फारसे रुचले नाही, तरी त्यांनी होकार दिला.

प्रत्येक मुलाला मी बोलण्याआधीच सांगते की, येथे बोललेले माझ्यापाशीच राहील; मात्र तुझ्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असेल, तर ते मला योग्य ठिकाणी सांगावे लागेल. ते ऐकून घेऊन तिने विचारले, “पप्पांनी पाठवलं ना तुम्हाला?” मी ‘हो’ म्हटले. तेव्हा तिने व्हॉट्सॲप उघडून ‘लिंक्ड डिव्हायसेस’ची यादी माझ्यासमोर धरली. वडिलांचा मोबाईल त्या यादीत होता. तिला हे दिवाळीपासून ठाऊक होते.

“मग त्या नंबरविषयी घरी का सांगितलं नाहीस?”

“सांगायचं काय? ते तर रोज वाचतात. त्या माणसानं धमकी दिली, तेही वाचलंच असेल. दुसऱ्या दिवशी ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना माझीच चूक वाटते.”

धमकी आली त्या रात्री वडील कापसाचा ट्रॅक्टर घेऊन जिनिंगच्या रांगेत होते आणि त्यांचा दुसरा मोबाईल घरी होता. ते परत येईपर्यंत त्या माणसाने मेसेज पुसून टाकले होते. एका ऑनलाइन गेममध्ये त्याने मुलगी असल्याचे भासवून ओळख वाढवली, तिच्याकडून स्नेहसंमेलनाचा फोटो घेतला आणि आता त्यात अश्लील फेरफार करून तो नातेवाइकांना पाठवण्याची धमकी देत आणखी फोटो मागत होता. मुलीने मात्र मेसेज पुसले जाण्यापूर्वीच त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. वडील विचारतील तेव्हा दाखवता यावेत, यासाठी. वडिलांनी विचारावे म्हणून ती थांबली होती आणि तिने सांगावे म्हणून ते थांबले होते. हे ऐकताना मला फार वाईट वाटले.

अल्पवयीन मुलीला अशी धमकी देणे हा लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो कळल्यावर पोलिसांना कळवणे कलम 19 नुसार बंधनकारक आहे. हे मी आधी तिला आणि नंतर तिच्या आई-वडिलांना समजावून सांगितले. गावात बदनामी होईल या भीतीने आई रडू लागली. मुलीची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, जबाब तिच्या घरीही घेता येतो आणि जबाब घेणारे अधिकारी गणवेशात नसतात, हे कळल्यावर ती सावरली. मदत लागल्यास 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांकही मी त्यांना दिला. स्क्रीनशॉट कोणालाही फॉरवर्ड करायचे नाहीत आणि पुरावा पोलिसांकडे जाईपर्यंत त्या क्रमांकाचे चॅट पुसायचे नाही, एवढी ताकीद दिली.

तक्रार नोंदवून झाल्यावर आम्ही सगळे पुन्हा बसलो. चोरून वाचणे पूर्ण थांबवा, असे मी वडिलांना सांगितले. लक्ष ठेवणे थांबवा, असे सांगितले नाही. पोर संकटात असताना बापाने डोळे मिटून घ्यावेत, असे मला कधीच वाटत नाही. पण मुलीला ठाऊक नसलेली किंवा ठाऊक असूनही जिच्याविषयी कोणी बोलत नाही अशी पाळत तिला सुरक्षित ठेवत नाही, हे या घरात मी प्रत्यक्ष पाहिले होते. वडिलांनी मुलीच्या हातात आपला मोबाईल दिला आणि तिनेच तो यादीतून काढून टाकला. प्रोफाइल फोटो केवळ ओळखीच्यांना दिसेल आणि अनोळखी व्यक्तीला तिला ग्रुपमध्ये घेता येणार नाही, अशी सेटिंग्ज तिने स्वतः केली. रात्री घरातले सगळे फोन, वडिलांचाही, पुढच्या खोलीत चार्जिंगला लावायचे ठरले. पाचवीतल्या धाकट्या भावाचा गेम मात्र आई-वडिलांनी त्याच्या शेजारी बसून पाहावा, असे मी सुचवले, कारण त्या वयात एवढी देखरेख हवीच.

“उद्या पुन्हा असं झालं आणि हिनं नाही सांगितलं तर?” वडिलांनी विचारले. खात्री देता येणार नाही, असे मी म्हणाले. तेव्हा मुलीनेच अट घातली की, सांगितल्यावर तिचा मोबाईल काढून घ्यायचा नाही आणि शाळा बंद करायची नाही. वडील बराच वेळ बोलले नाहीत, मग शाळेची अट त्यांनी तिथेच मान्य केली. मोबाईलविषयी मात्र तपास पूर्ण होईपर्यंत अनोळखी क्रमांकाचे मेसेज दोघांनी मिळून उघडायचे आणि मैत्रिणींचे मेसेज तिचे तिनेच वाचायचे, एवढ्यावर त्यांचे जमले.