एसबी००५: एका रेघेपायी अडकलेला परतावा

निर्यातीचा माल न्हावा शेवा बंदरातून गेला, पण त्यावर भरलेल्या आयजीएसटीचा (एकात्मिक जीएसटीचा) परतावा येईना. आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, बघावं तर एसबी००५ हा एरर कोड. म्हणजे शिपिंग बिलातला (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायच्या कागदातला) इन्व्हॉइस नंबर जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमधल्या ६ए या निर्यातीच्या तक्त्याशी जुळत नाही. बहुतेकदा सीएचएने (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटने) ‘४५-२४-२५’ टाकलेलं असतं, अकाउंटंटने ‘४५/२४-२५’. माणसाला एकच, संगणकाला दोन. चूक रिटर्नमध्ये असेल तर पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये ९ए तक्त्यातून दुरुस्त होते, फार त्रास नाही. शिपिंग बिलातच असेल तर दोन्ही नंबर शेजारी-शेजारी मांडलेला कॉन्कॉर्डन्स तक्ता कस्टम्सला द्यायचा, आणि मग वाट बघायची. त्यापेक्षा सीएचएची चेकलिस्ट (शिपिंग बिलाचा मसुदा) आली की ‘ओके’ कळवण्याआधी नंबर, तारीख अक्षर न् अक्षर ताडा. आणि प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (अंतिम बिलाआधीचं कच्चं बिल) त्याच्या हाती लागूच देऊ नका.