तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडे एल्फ कशाला?

मार्गशीर्षातल्या गुरुवारी हळदीकुंकवाला आलेल्या काकू विचारतात, मंडळाच्या पॉटलकला विचारतात, सांगलीहून मावशी व्हिडिओ कॉलवर विचारते. "घरात गणपती बसवता ना, मग डिसेंबरात ते लाल टोपीचं बाहुलं कशाला?" आजवर "मुलांसाठी हो" एवढं बोलून मी पोळ्यांकडे वळत आले. यंदा सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या वर्षी तरी पोळ्या करपणार नाहीत.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथल्यांना हे 'एल्फ ऑन द शेल्फ' नावाचं बाहुलं माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात: एल्फ म्हणजे सांताचा बुटका मदतनीस. नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण झाला की तो सांताकडून घरी येतो. दिवसभर शेल्फवर बसून मुलं कशी वागतात ते बघतो, रात्री उत्तर ध्रुवावर जाऊन चहाड्या करतो आणि सकाळी नव्या जागी सापडतो. त्याचं नाव मुलांनी ठेवायचं, पण त्याला हात लावायचा नाही. लावला तर जादू जाते. 24 डिसेंबरच्या रात्री तो सांताबरोबर परत.

लोकांना वाटतं ही फार जुनी परंपरा असणार. कसली जुनी! 2005 साली जॉर्जियातल्या एका आईनं आणि तिच्या लेकीनं आपल्या घरातल्या रिवाजावरून पुस्तक काढलं आणि पुस्तकासोबत बाहुलं घालून खोका विकायला ठेवला. 2012 मध्ये तर न्यूयॉर्कमधल्या थँक्सगिव्हिंगच्या मिरवणुकीत, मेसीज परेडमध्ये, त्याचा भलामोठा फुगा निघाला. तोंडवळा तेवढा जुना. गुडघ्यांना मिठी मारून बसलेले असले एल्फ 1950-60 च्या सुमाराला जपानहून इथल्या दुकानांत येत असत.

हे सगळं मला माहीत होतं, आणि मुलं व्हायच्या आधी मी याच्या कडक विरोधात होते. 2014 मध्ये कॅनडातल्या दोन अभ्यासक बायकांनी लिहिलं की आपल्यावर सतत कुणीतरी पाळत ठेवणं हे साहजिकच आहे, असं हे बाहुलं मुलांच्या मनावर बिंबवतं. ते मी चार जणींना पाठवलं होतं. "माझ्या घरात हेर नको" असं ऐटीत म्हणालेही होते. त्या वेळच्या मला आज मी विचारीन, की "बाप्पा बघतोय हं" हे तुझी आई तुला उठताबसता म्हणायची, त्याचं काय? आणि भिंतीआडचा बागुलबुवा? त्यावर ती म्हणेल, बाप्पा रात्री उठून कुणाला रिपोर्ट द्यायला जात नाही. बरोबर आहे तिचं. या वादात मी अजून जिंकलेली नाही.

मग आला कसा तो घरात? लेक किंडरगार्टनमध्ये होती. वर्गात एक एल्फ बसायचा, वर्गातल्या बहुतेकांच्या घरीही एकेक. एके दिवशी दप्तर पाठीवर तसंच ठेवून तिनं विचारलं, "आपलं घर त्याच्या लिस्टमध्ये नाहीये का?" मी 'आपण हिंदू, आपले सण वेगळे' सुरू केलं. ती म्हणाली, "पण मी गुड आहे हे सांताला सांगणार कोण?" द्या उत्तर. ज्यू लोकांनी यावर तोडगा काढलाय: हनुक्का या त्यांच्या सणासाठी मेन्श ऑन अ बेंच, म्हणजे बाकावरचा भला माणूस, नावाचं दाढीवालं बाहुलं मिळतं. आपल्यातल्या कुणी पाटावरचा पांडू काढेपर्यंत पोरीला थांबवून ठेवणं मला जमलं नसतं. तीसेक डॉलर मोजले आणि खोका आणला. नाव ठेवलं बंडू. खोड्या करणारा तो बंडू, हे ती आजीकडून शिकली होती.

मजा आली, हे कबूल करते. रात्री साडेअकराला अंगावरचं पांघरूण फेकून "बंडू!" म्हणत उठणं, नवरा अंधारात खुर्चीवर चढलेला, मी खालून "पडशील" म्हणतेय. एकदा ताटात साबुदाण्याचा बर्फ करून बंडूला त्यात ताणून दिला होता. सकाळी लेकीचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही. त्याच साबुदाण्याची आईनं नंतर खिचडी केली, ते वेगळं.

आई. तिथेच यायचं होतं मला.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती. निवृत्त प्राथमिक शिक्षिका, पहाटे पाचला आंघोळ, मग हातात फडकं. एल्फला हात लावायचा नाही हे मी तिला सांगितलं होतं. नवरा म्हणतो, ती जेट लॅगमध्ये पेंगत असताना सांगितलंस. असेल. पण सांगितलं होतं. त्या दिवशी बंडू देवघराच्या वरच्या फळीवर बसला होता. आई देवघर पुसायला गेली, वर बघितलं तर बाहुल्यावर धूळ, पायाला आदल्या दिवशीचं चॉकलेट. तिनं त्याला खाली घेतलं, सिंकमध्ये साबण लावून धुतलं, पिळलं आणि बाथरूममधल्या दांडीवर दोन चिमट्यांनी टांगलं. टोपीला एक, पायाला एक.

लेक दात घासायला गेली आणि तिथूनच किंचाळली. मी धावले. बंडूच्या बुटांतून पाणी ठिबकत होतं, आणि ही सहा वर्षांची पोर आजीकडे बोट दाखवून इंग्रजीत ओरडत होती की तू त्याला मारलंस. आजीला इंग्रजी कळतं, हे पोर विसरली होती. त्या दिवशी तिनं आजीच्या हातचं काही खाल्लं नाही. दुपारी आजी वेणी घालायला बसली तर डोकं मागे ओढून घेतलं.

आई आधी हसली. "अगं, सोवळ्यातला आहे का तो, हात लागला की बाटायला?" मग म्हणाली, तिच्या लहानपणी तिची आजी स्वयंपाकाला बसली की नातवंडांनी चार हात लांब राहायचं. चुकून कुणी शिवलं तर म्हातारी पुन्हा आंघोळीला. "मला वाटलं, संपलं ते." हे ती हसतहसतच बोलली, पण फडकं घडी करून ठेवलं.

अशा वेळी काय करायचं, तेही एल्फवाल्यांनी सांगून ठेवलंय. बाहुल्याशेजारी चिमूटभर दालचिनी ठेवायची आणि सांताला किंवा एल्फला सॉरीचं पत्र लिहायचं. दालचिनी मी ठेवली. पत्र मीच लिहून टाकणार होते, पण लेक म्हणाली, ज्यानं हात लावला त्यानं लिहायचं. मी कागद आणि पेन आईपुढे ठेवलं. लोक म्हणतात तू आईला बाहुल्याची माफी मागायला लावलीस. मी लावली नाही. मी कागद पुढे केला. दिवसभर उपाशी, हुंदके देणारं पोर एका बाजूला होतं, तुम्ही काय केलं असतंत?

आईनं चष्मा लावला आणि वळणदार अक्षरात लिहिलं:

"चि. बंडू यास अनेक उत्तम आशीर्वाद. तुला न विचारता आंघोळ घातली. तू फार मळला होतास. थंडीचे दिवस आहेत, कान नीट पुसून घे. तुझी जादू गेली असे नात म्हणते. गेली असल्यास परत यावी. — आजी."

माफीचा शब्द कुठेच नाही. लेकीला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं आणि शेवटी एक सॉरी पदरचं घातलं. सकाळी बंडू वाळून फ्रिजवर बसला होता. पोर आजीच्या गळ्यात पडली. गोष्ट इथे संपली असती तर मी ती पॉटलकला हसत सांगितली असती.

रात्री आई मला म्हणाली, "या घरात कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, ते एकदा लिहून चिकटव." आणि त्यानंतर परत जाईपर्यंत ती विचारत राहिली. मायक्रोवेव्ह लावू का? हा डबा घेऊ का? पडदा सरकवू का? कितीदा म्हटलं, अगं तुझंच घर आहे. "हो हो," म्हणायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायची. ते एल्फमुळे होतं की माझ्यामुळे, की परक्या देशात सहा महिने काढताना तसंही ते झालंच असतं, हे मला आजही सांगता येत नाही. नवरा म्हणतो, तू फार मनाला लावून घेतेस. घेते.

पुढच्या वर्षी आम्ही बंडूबरोबर एल्फचं बाळ आणलं. हाताने बाहुल्या करणारे लोक विकतात ही बाळं: बोटाएवढी, कापडात गुंडाळलेली, सोबत उत्तर ध्रुवाचा जन्मदाखला. आमच्या घरचा नियम असा की बाळाला हात लावायचाच. लावला नाही तर ते रडतं. आणि बाळाला बोलता येत नाही, तेव्हा चहाडीचाही प्रश्न मिटला. कॅनडातल्या बायकांना हे पटलं असतं का, कोण जाणे. मुलांनी त्याचं बारसं केलं. व्हिडिओ कॉलवर आईनं "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणून दाखवलं आणि माझ्या लेकीनं ते तितक्याच गंभीरपणे, भलत्याच उच्चारात म्हटलं. पाळणा म्हणजे बुटाचा खोका. नाव विचारू नका, त्यावर दोघांची अजून भांडणं आहेत.

तर, हिंदू घरात एल्फ कशाला? मला नीट सांगता येत नाही. ख्रिस्ताशी त्याचा संबंध मला तरी कुठे सापडलेला नाही, आणि गणपतीशी तर नाहीच. नवऱ्याचं मत की बंद करावं, लेक मोठी झाली, बंडूच्या चिठ्ठ्यांतलं अक्षर माझ्यासारखं का, असं विचारू लागलीय. धाकटा चार वर्षांचा, त्याला बंडू हवाच. यंदा आई डिसेंबरातच येतेय, तिकीट झालंय. म्हणून तिलाच फोनवर विचारलं, बंडूला यंदा बाहेर काढू की नको?

"काढ की," आई म्हणाली. "पण मी यायच्या आधी धुऊन ठेव."