केसपेपर आधी की ईसीजी आधी?

सहा वर्षं झाली, माझं हृदय मधूनच पळत सुटतं. एकदा मटार सोलताना, एकदा शाळेत पालकसभेत, आणि बऱ्याचदा खाली वाकून उठले की. बटण दाबल्यासारखं सुरू होतं, गळ्यापाशी थडथड उडत राहतं आणि दहा-पंधरा मिनिटांनी तसंच खटकन बंद. आता त्याचं नाव माहितीये, एसव्हीटी, म्हणजे हृदयात करंटला एक जादा वाट असते आणि तो तिथंच गोल गोल फिरत बसतो. पण हे नाव कळायला चार वेळा कॅज्युअल्टी गाठावी लागली, आणि त्यातल्या तिसऱ्या वेळेचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

पहिल्या दोन वेळा पोचेपर्यंत थांबलं होतं. ईसीजी नॉर्मल, "टेन्शन घेता का?" वगैरे. टूडी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं नीट. 24 तासांचा होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर बाळगायचा ईसीजी, लावला तर पाहुण्यांसमोर कारटी वागतात तसं त्या दिवशी हृदय एकदम गुणी.

तिसऱ्या वेळी मात्र मी चालू अटॅकमध्ये (हार्ट अटॅक नव्हे, हे पळणंच) पोचले होते. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला, त्यावर ठोके 186. नाशिकच्या सिडकोतून रिक्षा मिळाली, द्वारका चौकात नेहमीसारखं जाम, तरी पोचलो. आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, आधी केसपेपर काढा." मी म्हटलं अगं आत्ता चालू आहे, आत्ता ईसीजीची पट्टी काढली तरच सापडेल. ती म्हणे, "हो मॅडम, दोनच मिनिटं." नाव, वय, पत्ता, आधार नंबर. मग मोबाईलवर ओटीपी गेलाय तो सांगा. मोबाईल ह्यांच्या खिशात, हे बाहेर रिक्षावाल्याला सुटे देतायत. हे आले तोवर ओटीपीची वेळ संपली, दुसरा पाठवला, तो येईना. त्यात माझ्या पुढे एक काका डिस्चार्जच्या बिलातल्या ग्लोव्हजवरून भांडत होते, म्हणजे कॅज्युअल्टीचा आणि बिलाचा काउंटर एकच! समोर भिंतीवर रुग्णहक्क सनद फ्रेम करून लावलेली, 2021 पासून आपल्या राज्यात ती लावावीच लागते, तर ती मी उभ्याउभ्या निम्मी वाचली, एका हाताने काउंटर धरून. मग डिपॉझिट. कार्ड चालेना, मशीनला रेंज नाही. "जीपे करा ना सर." हे जीपे करतायत आणि मला छातीत खटकन जाणवलं, बंद झालं. ऑक्सिमीटरवर ठोके 92. मला रडूच आलं, बरं वाटल्याचं नव्हे, चिडून. पाच मिनिटांनी आत घेतलं, ईसीजी काढला, अर्थातच नॉर्मल. कागदावर लिहिलं "अँक्झायटी", आणि अ‍ॅसिडिटीची गोळी दिली. अटॅक थांबल्यावर मला हमखास सारखी लघवीला लागते, तेही सांगितलं, तर ते डॉक्टर नुसते हसले. नंतरच्या डॉक्टरांनी सांगितलं की एसव्हीटीत हे होतं, हृदयाचे वरचे कप्पे ताणले की तसं हार्मोन सुटतं. म्हणजे मी पुरावाच देत होते!

ह्याचा खरा तोटा पुढे झाला. तीन कागद नॉर्मल म्हटल्यावर घरात कुणी "चल" म्हणेना, आणि मलाच लाज वाटायला लागली. चौथ्या वेळी सुरू झालं तेव्हा मी गप्प पलंगावर पडून राहिले, वीस मिनिटं, चाळीस, तास उलटून गेला तरी थांबेना. सासूबाई म्हणाल्या, "अगं लिंबूपाणी घे." उठले आणि बेसिनपाशी डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसले. ह्यांनी 108 लावला. ह्या दुसऱ्या हॉस्पिटलात सिस्टरने नावसुद्धा न विचारता आधी छातीला ईसीजीच्या चिकट्या लावल्या, आणि पट्टीवर 192. ती पट्टी बघून मला जे समाधान झालं ते दहावीच्या निकालाला झालं नव्हतं. पुढचं भराभर झालं. आधी 10 मिलीच्या सिरिंजमध्ये पंधरा सेकंद जोरात फुंकायला लावलं, लगेच आडवं पाडून पाय वर धरले. त्याने थांबलं नाही, मग अ‍ॅडिनोसिन 6 मिलिग्रॅमचं इंजेक्शन शिरेतून. पाच-सात सेकंद वाटतं की गेलो आपण, छातीवर कुणीतरी बसतं, आणि मग एकदम शांत.

तर आता आमचं ठरलेलं, डॉक्टरांनी मला दिलेलं. सुरू झालं की बसायचं, घड्याळ बघायचं, फुंकायचं आणि पाय वर, दोन-तीनदा. वीस मिनिटांत थांबलं नाही तर निघायचं. आणि छातीत दुखलं, दम लागला, अंधारी आली किंवा चक्कर येऊन पडले तर ती वीस मिनिटंपण नाहीत, थेट 108. नुसता एखादा ठोका चुकतो आणि अर्ध्या मिनिटात थांबतं, त्याला पळायचं नाही, ते डायरीत लिहायचं. ही यादी माझी आहे हां, तुमच्या डॉक्टरांकडून तुमची घ्या, ती बरं असतानाच्या व्हिजिटमध्ये मागायची, कारण अटॅकमध्ये डोकं चालत नाही. माझ्या मोठ्या दिरांना एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यांची यादी वेगळीच: तोंड वाकडं, हात लुळा, जीभ अडखळली तर एक मिनिट थांबायचं नाही, आणि डोक्यावर पडले तर बरे वाटले तरी न्यायचं.

ज्याला ठोके पळायचं हे पहिल्यांदाच होतंय त्याने घरी फुंकत बसू नये, जावं. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. ठोके थांबवायला यूट्यूब बघून मान चोळू नये, ते डॉक्टरांचं काम.

हो, आणि काउंटरवर "हृदयाचा त्रास आहे" असं मोघम म्हणू नका. "आत्ता चालू आहे, आधी ईसीजी काढा, केसपेपर हे काढतील" असं, जरा मोठ्याने. मी आता तसंच म्हणते, लाज तिसऱ्या वेळीच संपली. बरोबरच्या माणसाकडे आधार, मोबाईल, थोडी रोकड असू दे, आणि पेशंटने त्या रांगेत उभंच राहायचं नाही.

आता अ‍ॅब्लेशन ठरलंय, म्हणजे ती जादा वाट जाळून बंद करायची, दिवाळीनंतर. त्या डॉक्टरांनी 192 वाली मूळ पट्टी मागितली. ती जपून राहावी म्हणून ह्यांनी कौतुकाने लॅमिनेट करून आणली होती. थर्मल कागद तो, उष्णतेने पूर्ण काळा पडला, कॅरम बोर्डच्या सोंगटीसारखा. सिस्टरने त्याच रात्री मोबाईलमध्ये फोटो काढायला लावला होता म्हणून वाचलो.