सव्वापाच लाख किलोमीटर आणि अजून हाफ सेल्फ

परवा मंचरच्या पाव्हण्यांचा फोन आला, पोराला धंद्यासाठी जुनी पिकअप घेऊन द्यायचीय, २ लाख किलोमीटर चाललेली एक गाडी बघितलीय, तर घ्यावी का, का २ लाख म्हणजे गाडी संपली असं धरायचं? मी फोनवर पाऊण तास बोललो तरी मनातलं सगळं सांगून झालं नाही, म्हणून आता इथे लिहितोय.

आमची बोलेरो पिकअप २०११ च्या दिवाळीची. नारायणगावला टोमॅटोचं मार्केट आहे ते तुम्हाला माहीत असेलच, आमचं गाव तिथून जवळ, आणि आमचा धंदा म्हणजे शेतातून क्रेट उचलायचे, ओतूरवरनं माळशेज घाट उतरून कल्याण नाहीतर वाशी गाठायची, पहाटे माल उतरवायचा आणि दुपारपर्यंत परत. येऊनजाऊन ३०० किलोमीटर. सीझनला आठवड्यातनं तीन-चार खेपा, बाकी वेळेला कांदा, फ्लॉवर, खताच्या गोण्या, लग्नाचं सामान, जे मिळेल ते. वर्षाला ४० हजार किलोमीटर आरामात पडायचे. आज मीटर सव्वापाच लाख दाखवतं आणि मध्ये सात-आठ महिने मीटरची केबल तुटलेली होती, ते वेगळेच.

अजूनही सकाळी चावी फिरवली की हाफ सेल्फमध्ये, म्हणजे स्टार्टर फिरला न फिरला तोच, सुरू होते. थंडीत सुद्धा.

लोक आधी किलोमीटर विचारतात, पण मला वाटतं पहिला प्रश्न "क्रेट किती भरायचात?" हा पाहिजे. आरसी बुकाप्रमाणे आमच्या गाडीत भरायचं वजन साधारण सव्वा टन. टोमॅटोचा एक क्रेट २० किलोचा, म्हणजे ६० क्रेट भरले की १२०० किलो झाले, वर रिकाम्या क्रेटचं स्वतःचं वजन आहेच. पण मार्केटला जाऊन बघा, ९०, १००, ११० क्रेट लावलेल्या गाड्या रोज दिसतात, म्हणजे दोन टनाच्या आसपास आणि वर. आम्ही पण सुरुवातीची दोन वर्षं ८५-९० भरायचो, खोटं कशाला बोलू. मग मागच्या पाट्यांचा एक पाटा मोडला, महिन्याभरात दुसरा मोडला, आणि आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या आबांनी एक दिवस मार्केटमध्येच उभं राहून सांगितलं की इथून पुढं ६५ च्या वर एक क्रेट चढवायचा नाही, भाडं कमी मिळालं तरी चालेल. तेव्हा मला राग आला होता, कारण हप्ता चालू होता आणि प्रत्येक खेपेला २०-२५ क्रेटचं भाडं सोडायचं म्हणजे हिशोबच बसत नव्हता. आमच्याच गल्लीत त्याच वर्षी घेतलेली दुसरी पिकअप होती, ते ११० भरायचे, तीन वर्षांत हप्ते फेडून मोकळे झाले. पण त्यांच्या गाडीची चेसिस मागच्या पाट्याच्या हँगरजवळ, म्हणजे पाटा जिथे चेसिसला अडकवतात तिथे, चिरली, वेल्डिंग मारलं, पट्टी मारली, परत शेजारी चिरली, क्राऊन (मागच्या एक्सलमधलं मोठं दातेरी चाक) दोनदा गेला, आणि सहाव्या वर्षी गाडी भंगारच्या भावात गेली. इंजिन तिचं चांगलं होतं, ते काढून दुसऱ्याने घेतलं आणि अजून चालवतोय म्हणे.

डिझेलचं इंजिन मुळात दणकट का असतं ते आमच्या मिस्त्रींनी मला एकदा ब्लॉक उघडा असताना दाखवलं होतं. पेट्रोलमध्ये हवा दहा-अकरा पट दाबली जाते, डिझेलमध्ये सोळा-अठरा पट, स्पार्क प्लग नाहीच, त्या दाबाच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. एवढा दाब रोज सहन करायचा म्हणून ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड सगळंच जाड आणि वजनदार बनवावं लागतं. वर हे २५२३ सीसीचं इंजिन कमी आरपीएमवर ओढतं, त्याला किंचाळवायची गरज पडत नाही, त्यामुळे तेवढ्याच किलोमीटरला पिस्टनचे वरखाली फेरे कमी होतात. आणि आमच्यासारखी लांबची खेप असली की इंजिन एकदा गरम झालं की तासन्‌तास एका तब्येतीत चालतं. दिवसातनं दहा वेळा चालू-बंद होणारी, गावातल्या गावात फिरणारी गाडी निम्म्या किलोमीटरला जास्त झिजलेली असू शकते, हे मी पाव्हण्यांना दोनदा सांगितलं.

पण दणकट इंजिनाला मारायचे पण रस्ते आहेत, आणि त्यातले दोन आमच्याच हातून झाले.

पहिला २०१६ च्या मे महिन्यात. आमच्या रूटची गंमत अशी की घाट उतरताना गाडी भरलेली आणि चढताना रिकामी, त्यामुळे इंजिनावर तसा ताण कमी. त्या दिवशी मला भिवंडीवरनं परतीचं भाडं मिळालं, फरशीचे बॉक्स, आणि मी खुश होऊन भरले. मुरबाड सोडलं तेव्हाच तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर होता. घाटात अर्ध्यावर काटा लालच्या जवळ गेला, मला दिसला, आणि मी म्हटलं अजून चार वळणं आहेत, वर जाऊन थांबू. तेवढ्यात रेडिएटरचा वरचा पाईप फुटला आणि सगळं पाणी रस्त्यावर. हेड गास्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेली, हेड वाकलं, ते फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं, गाडी बारा दिवस गॅरेजला उभी आणि ऐन टोमॅटोच्या सीझनला. पाईप फुगलेला होता, हाताने दाबून बघितला असता तरी कळलं असतं. तेव्हापासून रेडिएटरचे पाईप आणि फॅन बेल्ट दर दोन वर्षांनी, चांगले दिसत असले तरी बदलतो, आणि नुसतं पाणी न टाकता कूलंटच टाकतो.

दुसरा दणका हळूहळू बसला, आणि तो मला जास्त लागला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाजीपाला बंद नव्हता, गाडी सतत पळत होती, गॅरेज मात्र कधी उघडी कधी बंद. त्याच्या आसपासच कधीतरी एअर फिल्टर आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) यांच्या मधला रबरी पाईप क्लिपजवळ चिरला असणार. बाहेरून दिसत नाही, खालच्या बाजूला होता. फिल्टर आम्ही वेळेवर साफ करत होतो, नवीन टाकत होतो, आणि त्याच्या पुढनं शेतातल्या वाटेची धूळ सरळ आत जात होती. टर्बोची पंखी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, तिच्या कडा खाल्ल्या, आणि मग ती धूळ सिलिंडरमध्ये, ऑइलमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखी लाइनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, घासत राहिली. आधी ऑइल थोडं कमी व्हायला लागलं. मग ब्रीदरमधनं (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतनं) धूर. मग घाटात तिसऱ्याला चढणारी गाडी दुसरा गिअर मागायला लागली. मिस्त्रींनी ऑइल भरायचं झाकण उघडून हात धरला, हाताला फसफस हवा लागली, म्हणजे पिस्टनच्या रिंगांतून दाब खाली निसटत होता, आणि म्हणाले, "आबा, आता हिला उघडावी लागेल."

२०२३ च्या जुलैत टोमॅटोचा क्रेट २ हजारांच्या वर गेला होता, आठवत असेल, सगळ्या महाराष्ट्राला आठवत असेल. आमचा स्वतःचा दीड एकर होता. त्या पैशातनं फुल इंजिन केलं, लाइनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, नोझल, टर्बो. तेव्हा मीटर ४ लाख ७० हजार होतं. मिस्त्री म्हणाले की हा पाईप चिरला नसता तर अजून लाखभर तरी चाललं असतं, आणि मला ते अजून टोचतं, कारण पाईप काही शे रुपयांचा होता.

बाकी सवयी आबांच्या आहेत, मी फक्त पाळतो. कंपनीच्या आकड्याची वाट न बघता दर ८ हजार किलोमीटरला ऑइल आणि ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर त्याच्या आधीच जर गाडीने मिसफायर केलं तर. डिझेल ओळखीच्याच पंपावर, पावसाळ्यात तर नक्कीच, कारण पाण्याचं डिझेल एकदा गेलं की गाडीचा डिझेल पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) दोन्ही हातात. ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरायचा, न्यूट्रल कधीच नाही, त्यामुळे आमचे ब्रेक लायनर शेजारच्यांपेक्षा दुप्पट चालतात. आणि घाट चढून आलं की लगेच चावी बंद करायची नाही, मिनिट-दोन मिनिटं स्लोवर ठेवायची, नाहीतर तापलेल्या टर्बोत ऑइल थांबतं आणि करपतं. सुरुवातीला मला वाटायचं आबा उगाच गाडीत बसून राहतात.

आता खरी काळजी इंजिनाची नाहीच, पत्र्याची आहे. खताच्या गोण्यांतनं सांडलेला युरिया आणि पोटॅश, फुटलेल्या टोमॅटोचं पाणी, हे हौद्याच्या फटीत जाऊन बसतं आणि लोखंड खातं. हौद्याचा खालचा पत्रा एकदा पूर्ण बदललाय. आम्ही खत उतरलं की त्याच दिवशी पाण्याने धुतो, खालून चेसिस पण, आणि दर पावसाळ्याआधी चेसिसला काळा रंग. म्हणून पाव्हण्यांना सांगितलं की गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट नंतर उघडा, आधी पोतं टाकून खाली झोपा आणि मागच्या हँगरजवळ वेल्डिंगची खूण आहे का बघा, मग सकाळी थंड इंजिन सुरू करायला सांगा, आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. हे सगळं बरोबर निघालं तर २ लाख म्हणजे काहीच नाही, अजून तेवढेच आणि वर पण काढेल.

नव्या बीएस सहा (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांचं विचारू नका, त्या एप्रिल २०२० नंतरच्या, त्यांना अजून आमच्या गाडीएवढं वयच झालेलं नाही. माझ्या चुलतभावाच्या नव्या गाडीत काजळी धरायचा फिल्टर आहे, तो लांब पल्ल्याला तापला की आपोआप साफ होतो, पण तो गावातल्या गावात फिरवतो म्हणून सारखा दिवा लागतो. अशी गाडी घेतली तर आठवड्यातनं एकदा हायवेला नेऊन आणा एवढंच सांगेन.

आमच्या गाडीला आता वर्षभरापासून वाशी बंद केलीय. आबांचाच निर्णय. गावातनं मार्केटपर्यंत १२ किलोमीटर क्रेट ओढते, बास. थोड्या अंतराच्या फेऱ्यांनी गाडी झिजते हे मला कळतं, म्हणून आठवड्यातनं एकदा तरी आळेफाट्यापर्यंत मोकळी चालवून आणतो. आठ वर्षं उलटलेल्या गाडीला दरवर्षी पासिंग (आरटीओची तपासणी), आमचं ते पुढच्या महिन्यात आहे. डाव्या बाजूचे मागचे पाटे थोडे बसलेत, ते सोमवारी लोहाराकडे सोडायचेत, आणि आबा म्हणालेत की त्याच वेळी रेडिएटरचे पाईप पण बघून घे, दोन वर्षं होत आलीत.